उस्ताद नायेल यांच्या खात्यातले बारा पाहुणे

सुरक्षितता ही तपासून पाहीपर्यंत प्रत्येकाजवळ असते. आरोग्य, अब्रू आणि छतावरच्या टाकीतले पाणी यांचेही तसेच आहे. झाकण उघडून डोकावणाऱ्याच्या वाट्याला बहुधा तळच येतो. म्हणून आमच्या जॉर्डनच्या डोंगराळ मुलखातली शहाणी माणसे झाकण उघडत नाहीत. ऐन-सनोबरचे निवृत्त मुख्याध्यापक उस्ताद नायेल अल-दुरैबी, ज्यांना सारे गाव थोरल्या मुलाच्या नावावरून अबू सफवान म्हणते, हे याच पंथाचे होते. समाजमाध्यमावर त्यांचे नऊ वर्षे खाते होते आणि त्यात कोण येते-जाते हे त्यांनी एकदाही पाहिले नव्हते. (घराच्या दाराबाबतही त्यांचे हेच धोरण होते. दाराला कडी होती, पण ती वाऱ्यासाठी.)

खात्याची स्थापना बाजारातल्या नवाफ मोबाइलवाल्याच्या दुकानात झाली होती. गावातील तीन-चतुर्थांश खाती नवाफनेच उघडून दिलेली आहेत. परवलीचे शब्द विसरणे हा मनुष्यस्वभाव असल्याने त्याने ते एका शाळकरी वहीत लिहून ठेवले, आणि आपण नमाजाला गेलो असता कोणाची अडचण होऊ नये म्हणून ती वही गल्ल्याशेजारी दोरीने बांधली. पुढे वही जाड होऊ लागली, तेव्हा त्याने व्यवस्थेत सुधारणा केली: एका कुळाला एकच शब्द. आज त्या वहीत एक हजार एकशे चाळीस खातेदार असून परवलीचे शब्द एकूण सहा आहेत. एखाद्याला स्वतःचा शब्द आठवेनासा झाला, तर तो चुलत्याला विचारतो. चुलता सांगतो, आणि चहाही देतो. जगातील इतर राष्ट्रे या बाबतीत किती एकाकी जीवन जगतात याची कल्पना करून आमच्याकडे हळहळ व्यक्त केली जाते.

अशा या निर्वेध खात्यावर एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, पुढील मजकूर प्रकट झाला:

"आमच्या पाण्याची पाळी सतरा दिवसांनी येते. पाणी-संचालकांच्या हिरवळीची पाळी रोज येते. या अल्लाह, आम्हाला गवत कर."

त्या क्षणी अबू सफवान दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून बसले होते आणि त्यांच्या तोंडात दोन परकी बोटे होती. दाढ निघाली, ते जबड्यात कापूस दाबून रस्त्यावर आले, आणि समोरून येणारी माणसे आपल्याकडे पाहून आधी हसतात आणि मग आजूबाजूला पाहतात, असे त्यांच्या लक्षात आले. दुपारच्या अजानपर्यंत मजकूर चारशे बारा जणांना आवडला होता. अजाननंतर जिल्हा पोलीस कचेरीतून फोन आला.

फोनवर लेफ्टनंट थायेर होता. हा सहावीत अबू सफवानांच्याच वर्गात होता.

"उस्ताद, दाढ कशी आहे?" त्याने विचारले. (कोणाची दाढ कधी निघाली, हे त्या कचेरीला माहीत असते.) "काही घाई नाही. रविवारी सकाळी नऊला या. घाई नाही, पण नऊला."

"थायेर, ते मी लिहिलेलं नाही."

"मला कळत नाही का उस्ताद? तीन वाक्यं, अन् तिन्ही संपतात! तुमचं वाक्य कधी संपलंय? पण कागदाला हे कळत नाही ना. तुमच्या खात्यात दुसरं कोणी शिरतंय का, ते बघा. यादी असते तिथे, कुठल्या-कुठल्या यंत्रावरून खातं उघडलंय त्याची. छापून आणा. एक-दोन नावं असली, तर त्यांना बोलवावं लागेल. पण दहाच्या वर गेली, तर विषयच मिटला. 'अज्ञात इसम' लिहितो आणि फाईल बंद करतो."

"दहाच का?"

"बाकावर दहाच बसतात, उस्ताद."

न्यायशास्त्राचा हा सिद्धांत अबू सफवानांनी यापूर्वी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नव्हता. तथापि त्यातील तर्कशुद्धता त्यांना तत्काळ पटली. एकटा माणूस आरोपी होतो, तिघे जण टोळी होतात, आणि अकराव्या माणसापासून समाज सुरू होतो. समाजाला बसायला बाक नसते.

ते तसेच नवाफच्या दुकानात गेले. नवाफने त्यांना स्टुलावर बसवले, सेजच्या सुगंधी पाल्याचा चहा पुढे केला (जबड्यात कापूस असल्याने तो नुसता हातात राहिला) आणि खात्याच्या अंतरंगात शिरला. नऊ वर्षांत प्रथमच झाकण उघडले गेले. तळ दिसला नाही. उलट आत वस्ती होती.

एकूण उपकरणे चौदा. पैकी एक उस्तादांचा फोन आणि दुसरा त्यांच्या घरातला संगणक. उरलेली बारा पुढीलप्रमाणे आढळली. एक, नवाफच्या दुकानातले यंत्र (स्थापनेपासून, नवाफने याबद्दल ना खेद व्यक्त केला ना आश्चर्य). दोन आणि तीन, कुवेतमधील सफवानचे दोन फोन. यांतला जुना त्याने तीन वर्षांपूर्वी एका फिलिपिनो सहकाऱ्याला देऊन टाकला होता, आणि तो सद्गृहस्थ तेव्हापासून दुरैबी कुळातले सर्व मृत्यू वाचत होता. (गेल्या ईदला उस्तादांच्या नावाने सर्वांत आधी शुभेच्छा देणारा तोच निघाला. त्याने एकही नातेवाईक वगळला नव्हता.) चार, जरका शहरात दिलेली बहीण उम्म हैथम, तिच्या नवऱ्याला बाईमाणसाने खाते उघडणे मान्य नसल्याने ती भावाच्या खात्यात राहत असे, ज्याला शास्त्राने कोठेही मनाई केलेली नाही. पाच, पुतण्या कुतैबा, जो तेथून मोटारींचे जुने सुटे भाग विकी, कारण मुख्याध्यापकाचा चेहरा पाहिला की गिऱ्हाईक इंजिन तपासत नाही. मग औषधवाला, मग न्हावी, मग कुळाचे वडील हाज मुतलक, मग कुळाच्या बैठकीचे तीन कार्यवाह. आणि शेवटचे बारावे: "अज्ञात उपकरण, मआन." मआन शहरात दुरैबींचे कोणीही नाही. सबंध यादीत खराखुरा चोर असा हा एकटाच.

"वा!" नवाफ म्हणाला. "बारा परके. बाक भरून दोघं उरतात. सुटलात उस्ताद!" आणि कामात चोख असल्यामुळे, नको असताना, त्याने पुढचा रकाना वाचला. "शेवटचा वापर कधी, तेही दिसतंय. अकरा चाळीसला... न्हावी नाही. कुतैबा नाही. अकरा चाळीसला चालू होतं ते फक्त..."

तो थांबला. अकरा चाळीसला फक्त उस्तादांच्या घरातला संगणक चालू होता. उस्ताद खुर्चीत होते. उस्तादांच्या पत्नी उम्म सफवान यांना संगणक चालू करता येत नाही. त्या त्यावर धुतलेली ओढणी वाळत घालतात. घरात तिसरे माणूस एकच.

नवाफने पडदा मिटवला. फडक्याने काच पुसली.

"ही वेळ टिकत नाही म्हणा," तो काचेकडे पाहत म्हणाला. "पुन्हा खातं उघडलं की नवी वेळ पडते. रविवारपर्यंत चौदाही जण चार-चारदा उघडतील. मग नुसती नावं उरतात. तुमचा चहा निवला, उस्ताद."

येथे वजदानविषयी सांगणे आवश्यक आहे. वजदान ही अबू सफवानांची मुलगी, वय चौतीस, रसायनशास्त्राची पदवीधर. शासकीय शाळेत शिक्षक होण्यासाठी आमच्याकडे गुणवत्तेबरोबर दीर्घायुष्यही लागते. अर्जदाराला एक क्रमांक मिळतो आणि पुढची माणसे नेमली गेली, परदेशी गेली किंवा वारली की तो कमी होत जातो. वजदानचा क्रमांक अकरा वर्षांपूर्वी चार हजार तीनशे सहा होता. त्या मंगळवारी तो तीन होता. येत्या रविवारी दुपारपर्यंत तिला एकच कागद दाखल करायचा होता: आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंदलेला नाही असा दाखला.

घरी आल्यावर अबू सफवानांनी काही विचारले नाही. जेवायला मऊ मसुरीचे सूप होते. वजदाननेच सुरुवात केली.

"मीच लिहिलं ते, बाबा."

"सूप घे."

"माझं खातं उघडलंय असं वाटलं मला. संगणक एक, पासवर्ड एक, दिसतं सगळं सारखंच. वर तुमचा फोटो होता, पण मी वर बघितलंच नाही. सकाळी चौथ्या मजल्यावर दोन-दोन कॅन चढवून आले होते. हात थरथरत होते."

"हात थरथरत असताना इतकं नेटकं लिहिलंस?" अबू सफवान म्हणाले. "मी चाळीस वर्षं पोरांना 'पाणी' विषयावर निबंध घातला. तीन पानांच्या आत कोणी गवतापर्यंत पोचला नाही."

"आता कौतुक करा!" उम्म सफवान कडाडल्या. "पोरीनं घर जाळलं आणि बाप म्हणतो, ज्योत सरळ आहे!"

"मी उद्या जाऊन सांगते," वजदान म्हणाली. "थायेर माझ्या वर्गातला आहे. माझ्यामुळे तुम्ही कशाला..."

"जा की. मग मीही सांगेन, मीच लिहिलं. एका मजकुराचे दोन लेखक होतील आणि सरकार दोघांनाही आत घेईल. सहलेखनाला सरकारची काही हरकत नसते." त्यांनी कापूस बदलला. "तू तीन नंबरवर आहेस. अकरा वर्षं रांगेत उभं राहायचं आणि दारात पोचल्यावर कविता म्हणायची, हे चालणार नाही. यादीत बारा पाहुणे आहेत. ते रविवारपर्यंत जागेवर राहिले की झालं."

अशा रीतीने, ज्याने घुसखोरांना हुसकून लावायचे, त्याच्यावर त्यांना धरून ठेवण्याची पाळी आली. इतर देशांत खातेधारकांना शिकवले जाते की, यादीत अनोळखी नाव दिसताच शेजारचे लाल बटण दाबावे. अबू सफवानांनी त्या बटणावर टिकलीएवढा चिकटपट्टीचा तुकडा लावला, चुकून बोट पडू नये म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी दुरैबी कुळाची बैठक भरली. कुळाचे हे दालन मृत्यू, लग्ने आणि निवडणुका यांसाठी बांधलेले असून भिंतीलगत एकशे वीस गाद्या आहेत. प्रथम कडू कॉफीचा पेला फिरला. मग हाज मुतलक यांनी विषय मांडला: आपल्या अबू सफवानच्या खात्यात काही माणसे आढळली आहेत, ती कोण, हे विचारावे काय?

चर्चेची पातळी उच्च होती. पहिल्या कार्यवाहांनी पूर्वजांचा कायदा सांगितला: तंबूत आलेल्या पाहुण्याला तीन दिवस आणि एक तृतीयांश दिवस नाव-गाव विचारीत नाहीत. दुसऱ्या कार्यवाहांनी शंका काढली की, ही मुदत पाहुणा आल्यापासून धरायची की तो दिसल्यापासून? कारण आल्यापासून धरली तर काही पाहुण्यांची नऊ वर्षे झाली आहेत. यावर बराच खल होऊन ठरले की, न दिसलेला पाहुणा आलेलाच नसतो; सबब मुदत आजच्या संध्याकाळपासून. सोमवारी पहाटेपर्यंत कोणालाही काही विचारणे हे कुळाच्या अब्रूला बाधक.

"म्हणजे मी राहायचं ना तिथं?" कुतैबाने विचारले. "एका गिअरबॉक्सचं बोलणं चाललंय."

"राहा," अबू सफवान म्हणाले. "सगळे राहा. एवढंच मागायला आलोय. रविवारी सकाळी नऊपर्यंत कोणी बाहेर पडू नका. दहाच्या वर असलो तर कोणाचंच काही होत नाही."

"अरे नायेल, हे काय मागणं झालं?" हाज मुतलक दाढीवर हात ठेवून म्हणाले. "घर उघडं ठेवायचं आणि भांडी मोजायची, हे आपल्या रक्तात नाही, तसंच भरल्या ताटावरून पाहुण्यानं उठणंही नाही. माझ्या दाढीची शपथ! आम्ही तिथेच बसणार. रविवारी काय, कयामतीपर्यंत बसू!"

एकशे वीस गाद्यांवरून होकार उमटला. (उपस्थिती एकशे चाळीस. वीस जण दारात उभे होते आणि त्यांचा होकार अधिक मोठा होता.) मजकूर कोणी लिहिला याची चौकशी करणे पाहुणचाराच्या आड येत असल्याने ती कोणी केली नाही. मात्र मजकूर सर्वांना तोंडपाठ होता. परतताना जिन्यात दोघे तो कुजबुजून म्हणत होते, आणि वरून कोणी आले की थांबत होते.

शुक्रवारच्या नमाजानंतर चाळीस माणसांचे शिष्टमंडळ पाणी-संचालकांच्या घरी गेले. कोणाचा गुन्हा पोटात घालून घ्यायचा असेल तर आमच्याकडे असेच जातात: पुढे पांढऱ्या दाढ्या, मागे काळ्या गाड्या. कॉफी येते. शिष्टमंडळाचा म्होरक्या पेला न पिता जमिनीवर ठेवतो आणि म्हणतो, मागणे मान्य झाल्याखेरीज पिणार नाही. यजमान म्हणतो, प्या, मान्य आहे. हा विधी इतका निर्दोष आहे की, मागणे काय होते हे कित्येकदा पिऊन झाल्यावर विचारावे लागते.

शिष्टमंडळ हिरवळीवर बसले. हिरवळ दाट आणि गार होती. मागल्या बाजूला कोठे तरी फवारा चालू असल्याचा आवाज येत होता, आणि चाळीसही जणांनी तो न ऐकण्याचे काम उत्तम रीतीने पार पाडले. हाज मुतलक यांनी पेला खाली ठेवला. संचालक म्हणाले, "प्या, हाज. माझा हक्क मी सोडला. अबू सफवान माझे मोठे भाऊ आहेत." चाळीस पेले रिकामे झाले. मग निरोप देता देता, फाटकाशी, हाज मुतलक यांच्या खांद्यावर हात ठेवून संचालक सहज म्हणाले:

"सरकारचा हक्क मात्र सरकारपाशी. आणि सरकार काही कॉफी पीत नाही. थायेर रविवारी ती यादी बघणार आहे म्हणे, खात्यात कोण-कोण बसलंय त्याची. मला एक प्रत द्यायला सांगितलंय. मी कोणाकोणाला क्षमा केली, ते मला कळायला नको का?"

शिष्टमंडळ गाड्यांत बसले. गाड्या सुरू व्हायच्या आत पहिला कार्यवाह खात्यातून बाहेर पडला होता.

नंतरचा घटनाक्रम अबू सफवानांनी आपल्या फोनवर, घराच्या सज्जात बसून, दिवसाउजेडी पाहिला. यादीतले नाव आधी फिके होई आणि मग नाहीसे होई. पाठोपाठ निरोप येई. दुसऱ्या कार्यवाहाच्या फोनची काच फुटली होती. तिसऱ्याचा फोन पाण्यात पडला होता (त्या दिवशी गावात पाणी नव्हते, हे त्याला बहुधा नंतर आठवले). औषधवाल्याने कळवले की, ग्राहकांच्या गोपनीयतेला आपण नेहमीच प्राधान्य देत आलो आहोत. न्हाव्याने काही कळवले नाही. त्याने फक्त दुकानातला मोठा आरसा रस्त्याकडून आतल्या बाजूला फिरवला. कुतैबाचा गिअरबॉक्स विकला गेला होता. सफवानचा कुवेतहून फोन आला: "बाबा, इथे नोकरीचं बघतात हो सगळं, तुम्हाला माहितीये... आईला सांगू नका." फिलिपिनो सद्गृहस्थाचेही नाव संध्याकाळपर्यंत गेले. सफवाननेच त्याला फोन करून विनंती केली होती, आणि तो रडला होता म्हणतात.

शनिवारी सकाळी उम्म हैथमचा फोन आला.

"दादा, मी नाही गेले रे! राहिलेय. त्या बारातली मी एकटी आहे की काय?"

"तू, हाज मुतलक, नवाफ आणि मआनचा."

"मग मी जाते," ती हळूच म्हणाली. "चौघांत बाईमाणूस लगेच दिसतं रे. ह्यांना कळलं तर..." आणि तीही गेली. अबू सफवानांना राग आला नाही. तिच्या जाण्याला निदान कारण होते.

हाज मुतलक दुपारी जातीने आले. त्यांनी दाढीची शपथ घेतली होती, त्यामुळे स्वतः बाहेर पडणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी आपले यंत्र अबू सफवानांच्या हाती ठेवले, मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "तूच बाहेर काढ, नायेल. यजमानानं उठवलं, तर पाहुण्याचा दोष नाही." अबू सफवानांनी कुळाच्या वडिलांचे मन मोडले नाही.

चार वाजता "अज्ञात उपकरण, मआन" हेही नाहीसे झाले. चोरही निघून गेला.

त्याच सुमारास मजकुराखालची पसंतीची संख्या उतरणीला लागली होती. चारशे बाराचे तीनशे झाले, तीनशेचे साठ, आणि संध्याकाळच्या नमाजानंतर एक. ही एक पसंती चुलतभाऊ फल्लाह यांची होती. मजकूर आवडला तेव्हा ते आजारी होते; गुरुवारी पहाटे ते वारले, आणि नवाफच्या वहीत त्यांचे पान नसल्याने त्यांचे मत कोणालाही मागे घेता येईना.

नवाफने मात्र बाहेर पडण्याआधी स्वतः येऊन विचारले. "मी राहू का उस्ताद? माझं काय, माझ्या यंत्रात अख्खं गाव आहे."

"तू, मी आणि घरचा संगणक," अबू सफवान म्हणाले. "तीनच. तिघांना बोलवतात."

"मग तर मी गेलो की दोनच राहतात. एक तुम्ही, आणि एक..."

"तू जा. पुढचं मी बघतो."

नवाफ गेला. मग अबू सफवानांनी नखाने बटणावरची चिकटपट्टी सोलली. "घरातला संगणक" या नावाशेजारी बोट नेले आणि दाबले. यंत्राने नियमानुसार विचारले: हे उपकरण तुमच्या ओळखीचे नाही, असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? त्यांनी चष्मा पुसला. होय, असे त्यांनी दाबले. हाज मुतलक यांच्या विनंतीचा अपवाद सोडला, तर आपल्या दारातून त्यांनी बाहेर काढलेला हा आयुष्यातला पहिलाच पाहुणा.

त्या संध्याकाळी उस्ताद नायेल अल-दुरैबी यांचे खाते तज्ज्ञांच्या सर्व कसोट्यांना उतरले. उपकरणे: एक. अनोळखी प्रवेश: शून्य. ऐन-सनोबरच्या इतिहासात इतके सुरक्षित खाते झाले नव्हते, आणि यासाठी कोणालाही परवलीचा शब्द बदलावा लागला नव्हता.

रविवारी नऊला लेफ्टनंट थायेरने छापील कागद उलटसुलट करून पाहिला.

"बाकीचे कुठेत?"

"हे एवढंच आहे."

"उस्ताद, मंगळवारी बारा जण होते. नवाफ म्हणाला मला."

"नवाफला मोजता येत नाही. माझा विद्यार्थी आहे."

थायेरने आवाज खाली आणला. "हे वाक्य तुमचं नाही. मला सहावीत पाऊस पाडायला चार पानं लावली होती तुम्ही. हे कोणाचं आहे ते मला दिसतंय, उस्ताद. ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तेव्हाही थोडक्यातच लिहायची."

"वय झालं की माणूस आटोपतं घेतो," अबू सफवान म्हणाले. "कुठे सही करू?"

थायेर बराच वेळ पेन शोधत राहिला. पेन त्याच्या खिशालाच होते.

सही झाली. सुनावणी पुढल्या आठवड्यात होती. तोवर घरी जायचे, तर नियमाप्रमाणे दोन जामीन हवे: दोन इसमांनी ओळखपत्रासह प्रत्यक्ष येऊन "या माणसाला मी ओळखतो" एवढे लिहून द्यायचे. एकाच छताखाली राहणारे चालत नाहीत. वेळ नऊ ते दोन. दोनपर्यंत न जमल्यास आरोपी सुनावणीपर्यंत आत. अबू सफवान दालनाबाहेरच्या बाकावर बसले. बाकावर दहा माणसे सहज बसली असती.

खालच्या मजल्यावर, दाखल्यांच्या खिडकीसमोर, वजदान उभी होती. साडेदहाला ती जिना चढून वर आली. तिच्या हातातला कागद घामाने मऊ झाला होता.

"मिळाला?" अबू सफवानांनी विचारले.

"मिळाला. 'सदर अर्जदाराविरुद्ध काहीही नाही.'"

"शिक्का?"

"गोल. बाबा, मी आत्ता आत जाऊन..."

"दुपारच्या आत दाखल कर आणि घरी जा. आज पाण्याची पाळी आहे, तुझ्या आईला एकटीला टाकी भरता यायची नाही." ती हलली नाही. तेव्हा ते वर्गात वापरायचे त्या आवाजात म्हणाले, "वजदान. तीन नंबर." ती गेली. जिन्यात ती दोनदा थांबल्याचे पावलांवरून कळले.

अकराला नवाफ आला. एवढ्या वर्षांत त्याच्या दुकानाचे शटर कामाच्या वेळी प्रथमच खाली होते. त्याने ओळखपत्र दिले, "या माणसाला मी ओळखतो" असे मोठ्या अक्षरात लिहिले आणि उस्तादांशेजारी बसून फोन लावू लागला. कुळाच्या चाळीस जणांना त्याने फोन केले. सहा जणांनी उचलले. सहाही जण अबू सफवानांना मनापासून मानत होते. कोणाकडे लग्न होते, कोणाचे ओळखपत्र नूतनीकरणाला गेले होते. हाज मुतलक यांनी कळवले की, चाळीस जणांनी एकत्र जायचे असल्यास ते सर्वांत पुढे असतील, पण एकट्यादुकट्याने जाण्याची कुळात रीत नाही. शिवाय कचेरीत कॉफी देतात का, याची त्यांनी चौकशी केली.

बाराच्या सुमारास पाणी-कार्यालयाचे परिपत्रक आले. नागरिकांच्या भावना लक्षात घेऊन कार्यालयाने तातडीने कार्यवाही केली असून, हिरवळीभोवती साडेतीन मीटर उंचीची भिंत मंजूर केली आहे. परवानगीविना पाहण्याचे प्रकार त्यामुळे थांबतील.

आता दीड वाजला आहे. नवाफच्या फोनची बॅटरी संपली आहे. लेफ्टनंट थायेरने दुसऱ्या जामिनाच्या कागदावर सगळे भरून ठेवले आहे, फक्त नावाची ओळ कोरी आहे, आणि तो पुन्हा पुन्हा जिन्याकडे पाहतो आहे.

वाचकहो, तीन पानांपूर्वी आपण अबू सफवानांना ओळखत नव्हता. आता त्यांची दाढ कोणती, मुलगी कोण, आणि ते वाक्य खरे कोणाचे, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. त्या कोऱ्या ओळीत लिहायला याहून अधिक काही लागत नाही. अर्थात आग्रह नाही. आपण लांब राहता, आपल्याला तिथली भाषा येत नाही, आणि मुळात ही गोष्ट काल्पनिक आहे. ही तिन्ही कारणे कचेरीत ग्राह्य धरली जातात. आमच्या चाळीस जणांना यांपैकी एकही सुचले नव्हते.